छप्पन्न किलोची स्प्रिंग

“दादा, तुझा शॉकअप काढ आणि सरळ दांडा लाव,” बहिणीने हेल्मेट टेबलावर आपटलं. “मागून गाडी फतकल मारून बसते. हँडल इतकं थरथरलं की माझे दात वाजले!”

दादाने हातातला कागद पाहिला. ताशी एकशे एक्क्याण्णव किलोमीटर. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या मोजून देणारी ही बाई वयाच्या चौपन्नाव्या वर्षी दोनशेच्या आकड्यामागे हात धुऊन लागली होती. वर्षातून एकच दिवस हे कोरडं तळं वेगाच्या चाचण्यांसाठी मोकळं मिळे आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन धावा येत. पहिली वाया गेली होती.

दादाला गल्लीत सगळे शॉकअपवाला म्हणत. खरं नाव पासबुकापुरतं उरलं होतं. पस्तीस वर्षं त्याने दुसऱ्यांनी बनवलेले शॉकअप दुरुस्त केले. सीटवर तळहात दाबायचा. ती एकदा खाली जाऊन वर आली आणि तिथेच थांबली की काम पास, डुलत राहिली की पुन्हा उघडायचं. मात्र या गाडीचा शॉकअप त्याने पहिल्या वॉशरपासून स्वतः घडवला होता. आयुष्यातला तेवढा एकच. तो काढायला त्याचं मन होईना. पण दांडा त्याने आधीच मापात कापून पेटीत ठेवला होता. शॉकअप लाडका असला तरी बहीण त्याहून लाडकी होती.

दांडा लावून दुसरी धाव झाली. एकशे पंचाण्णव.

“बघ! चारने वाढलं. हँडल जरासुद्धा हललं नाही.”

“आणि उरलेले पाच कुठून आणणार?”

जेवणाच्या सुट्टीत दादा टायरच्या खुणेवरून चालत निघाला. थोड्याच अंतरावर थांबला, वाकला. हातभर रेघ, मग वीतभर कोरी जमीन, पुन्हा हातभर रेघ. मैदान दिसायला सपाट होतं, पण दांडा प्रत्येक उंचवट्याला चाक उचलत होता आणि हवेतलं चाक नुसतंच फिरत होतं. म्हणजे शॉकअप हवाच होता. मग तो बसत का होता?

त्याने परत येऊन शॉकअप जोडला, बहिणीला सूट घालून गाडीवर बसवलं आणि टेप लावली. मागची बाजू तीस मिलिमीटर दबायला हवी होती. दबली सेहेचाळीस. दादा खालीच बसला.

“माझंच चुकलं गं. स्प्रिंग नरम झाली. हात गेला माझा आता.”

बहीण हातमोज्याच्या बटणाची उघडझाप करत राहिली. दादाची बायको थर्मासातून चहा ओतत होती. तिने थर्मास खाली ठेवला.

“नणंदबाई, सांगता की सांगू?”

“वहिनी!”

“या सूटच्या दोन्ही कुशींना दोन-दोन बोटं चामड्याची पट्टी कुणी जोडली? मीच ना?”

दादाने मान वर केली. “स्प्रिंगसाठी वजन विचारलं तेव्हा तू छप्पन्न म्हणाली होतीस.”

“होतं की छप्पन्न.”

“कधी?”

“तू विचारायच्या... आधी.”

“आता किती?”

“बासष्ट.”

वहिनी खोकली.

“पासष्ट,” बहीण पुटपुटली.

दादा हसायला लागला तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

“माझं बिंग फुटलं आणि तू दात काढतोस?”

“अगं, नऊ किलोंपायी मी स्वतःला निकालात काढलं होतं!”

त्याने पाना घेतला, स्प्रिंगचा नट आवळला, टेप लावली. पुन्हा आवळला. तीस. तपासनीस नवा फॉर्म घेऊन आला, तेव्हा वजनाच्या रकान्यात बहिणीने स्वतःच पासष्ट लिहिलं, चांगलं ठसठशीत, आणि वहिनीकडे बघून जीभ दाखवली.

दिवसातली शेवटची धाव तिची होती. गाडी ठिपका झाली, आवाज विरला. तळ्यावर धूळ खाली बसेपर्यंत दादाचे पाय टायरच्या नव्या रेघेला लागलेही होते.

“अहो, दोनशे दोन!” मागून बायको ओरडली. “ऐकलंत का? दोनशे दोन!”

त्याने न वळता हात वर केला आणि चालत राहिला. नजर जमिनीवरच होती. तीन किलोमीटर तो असाच गेला. पलीकडच्या टोकाला बहीण गाडीशेजारी मांडी घालून बसली होती, केस घामाने चिकटलेले.

“किती?” तिने लांबूनच विचारलं.

“रेघ अख्खी आहे.”

“वेग विचारतेय मी!”

“तो? दोनशे दोन.”

ती आनंदाने किंचाळली, उठून त्याच्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून हात लांबवून दादाने सीटवर तळहात दाबला. सीट एकदा खाली गेली, वर आली आणि तिथेच थांबली.