तळाच्या समुद्राची फिर्याद

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. मुक्काम वालूरची शाळा. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून, वर नकाशा चिकटवून मला घडवलं. नवा होतो तेव्हा तपासणीला साहेब आले की मला टेबलावर मिरवायचे. आता उन्हानं माझा रंग विटलाय. कपाटावरची माझी धूळ फक्त धम्मशीलाबाई पुसतात.

त्यांची विद्यार्थिनी माधवी माझ्यावर बोट फिरवत मोठी झाली. पुढं ती शास्त्रज्ञ झाली. दक्षिण ध्रुवाजवळ पेंग्विनची पिल्लं मोजण्यात तिची सहा वर्षं गेली. गेल्या जुलैत ती शाळेत आली, मला मांडीवर आडवं घेतलं आणि माझा तळ मुलांपुढं धरला.

हा समुद्र कोण्या एका देशाचा नाही, ती सांगू लागली. तिथं क्रिल नावाचे करंगळीएवढे जीव आहेत. पेंग्विन, देवमासे त्यांच्यावरच जगतात आणि मोठाली जहाजं तेच उपसून नेतात. त्या समुद्राचा काही भाग मासेमारीपासून राखीव ठेवावा, असा प्रस्ताव दरवर्षी देशांच्या बैठकीत येतो. आपला देशही त्या बाजूचा. माधवी तिथं आपली मोजदाद मांडते.

"मग हात वर करून मोजत न्हाईत का, ताई?" वर्गातल्या बबितानं विचारलं. ग्रामसभेत तिनं तसंच पाहिलं होतं.

"न्हाई. तिथं सगळ्यांचा होकार लागतो. एकजण जरी आडवा आला, तरी ठराव पुढच्या वर्षावर जातो."

ऑक्टोबरात बैठक संपली, त्या दिवशी बाईंनी वर्गातूनच माधवीला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. बहुतेक देश हो म्हणाले होते. दोन देश मात्र हलले नाहीत.

"बाई, माझं मोजणं कोणी खोटं ठरवलं न्हाई," माधवी म्हणाली. "तरी झालं न्हाई. आता मी अजून काय मोजू?"

  बाईंनी मला जवळ ओढलं आणि माझ्या तळाच्या समुद्रावर हात ठेवला.

मित्रांनो, सगळे समुद्र माझ्या अंगावर आहेत, पण एका थेंबावरही माझी सत्ता चालत नाही. माझा कागद फाटला तर बाई खळ लावून चिकटवतील. तो समुद्र फाटला तर खळ कुठून आणायची? उद्या तुमच्यातलं कोणी त्या बैठकीत बसलं, तर नाही म्हणण्याआधी एकदा त्या पिल्लांकडं बघा. माझं एवढंच मागणं आहे.