समुद्रफुलाची सिस्टर

चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली मी. बाळंतिणींपासून जळिताच्या केसेसपर्यंत सगळे वॉर्ड पालथे घातले. त्यामुळे कुणी मला "सिस्टर, जमेल ना तुम्हाला?" असं विचारलं की माझं डोकंच फिरतं. आणि वरलक्ष्मीनं नेमकं तेच विचारलं.

वरलक्ष्मी म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधली. हैदराबादेत नारायणगुड्याच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही दोघी एकाच वर्षी राहायला आलो. ती मच्छलीपट्टणमची, मी नांदेडकडच्या बिलोलीची. ती सचिवालयात नोकरीला. चौदा साली राज्याची वाटणी झाली आणि सोळाच्या जूनमध्ये आंध्रच्या वाट्याला गेलेल्या लोकांना हुकूम आला, चला आता विजयवाड्याकडे. तिकडे हिला घर नाही, दार नाही. चार बायकांत एक खोली मिळणार होती. भांडीकुंडी कुलपात ठेवता येतात, पण घरातली माशांची टाकी कुठे ठेवणार?

टाकी तिच्या नवऱ्याची. कामेश्वरराव आदल्या वर्षी वारले. साधी टाकी नव्हे, समुद्राची. पाकिटातलं समुद्री मीठ कालवून त्यांनी घरातच समुद्र केला होता. त्यात दोन नारंगी मासे आणि मधल्या दगडाला धरून बसलेलं एक समुद्रफूल. नाव फूल, पण आहे जनावर. गुलाबी बोटांचा झुबका, प्रत्येक बोटाचं टोक फुगलेलं आणि मधोमध इवलंसं तोंड. मासे त्या बोटांत शिरून दिवसभर लोळायचे. अकरा वर्षं जपलं होतं कामेश्वररावांनी ते.

"सिस्टर, दसरे को घर मिलेगा, तब लेके जाती मैं," वरलक्ष्मी म्हणाली. "बाकी कुछ भी गया तो जाने दो. ये नक्को जाना. उनके हाथ का इतनाच बचा मेरे पास. जमेगा ना आपको?"

"कायकू नै जमेगा?" मी फणकारले. "माणसं जगवली मी, हे एवढंसं काय घेऊन बसलीस?"

टाकी आमच्या हॉलमध्ये आणून ठेवली, तोवर खाली गाडी हॉर्न वाजवत होती. ती एकेक सूचना भराभर सांगत गेली आणि मी हाताला लागलेल्या लाइटच्या बिलामागे त्या तशाच उतरवून घेतल्या. मी पडले टापटिपीची. ती गेली आणि दुपारी मी नीट अक्षरात चांगली प्रत काढून टाकीशेजारी चिकटवली: दिवा नऊ तास. माशांना सकाळी चिमूटभर दाणे. दर रविवारी ड्रममधलं तयार पाणी एक बादली बदलणे. टाकीतलं पाणी आटलं की रोज मीठ पाणी घालून रेघेपर्यंत आणणे.

शिवाय वॉर्डातली सवय. वहीत रोजचा तक्ता सुरू केला: आत किती गेलं, बाहेर किती आलं. आमचे हे, श्रीपतराव, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, चष्म्यातून बघत म्हणाले, "सिस्टर, पेशंटची नाडी कुठली धरणार?"

"तुमची धरते आधी," मी म्हटलं. "चहा तीनदा झालाय तुमचा."

पहिला आठवडा मजेत गेला. खरं सांगते, मला वेडच लागलं त्या टाकीचं. सकाळी उठून आधी तिच्यापुढे खुर्ची टाकायची. त्या दोन माशांचे संसार बघण्यात माझ्या सीरियल बुडाल्या. नारंगीतली मोठी ती बायको, आणि ती बारक्या नवऱ्याला दिवसभर दटावायची. हे म्हणायचे, "बरी शिकवणी मिळतेय तुला." मी म्हणायचे, "मला कशाला? ती माझ्याकडून शिकलीय."

दुसऱ्या आठवड्यात समुद्रफूल आक्रसायला लागलं. बोटं चिरमटली. गुलाबी रंग उडून फिक्कट पडलं. तोंड उघडंच राहू लागलं. मग एका सकाळी बघते तर दगड सुटलेला आणि बिचारं कोपऱ्यात आडवं पडलेलं. मासे त्याच्यापाशी जायचे आणि परत फिरायचे.

मी घाबरले. आणि घाबरले की मला राग येतो. "तुमच्या उदबत्तीनं झालंय हे," मी ह्यांच्यावर ओरडले. आमची बुद्धमूर्ती टाकीपासून दोन हातांवर, रोज तिथं ह्यांची उदबत्ती. "उद्यापासून बंद!"

"बरं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उदबत्ती नव्हती, पण फूल आणखी बारीक झालं होतं. मग म्हटलं, तुमच्या रेडिओनं. त्यांनी रेडिओ बेडरूममध्ये नेला. मग म्हटलं, तुम्ही काचेवर टकटक करता. त्यांनी हात पाठीमागे बांधले. तरी फूल सुधारेना, आणि दोष द्यायला ह्यांच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी वरलक्ष्मीचा फोन यायचाच. "कैसा है, सिस्टर?"

"एकदम बढिया," मी म्हणायचे. खोटं बोलले, तीन दिवस खोटं बोलले. पेशंटच्या नातेवाइकांशी मी जन्मात कधी खोटं बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी फोन ठेवला आणि जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता घेऊन बसले. वॉर्डात अडलं की मोठ्या सिस्टर आम्हाला हेच सांगायच्या, पेशंट बोलत नसेल तर तक्ता बोलतो. आत: रोज दोन लोटे मीठ पाणी. बाहेर: रोज दोन लोटे, वाफ होऊन. हिशोब चोख. मग बिघडतंय कुठे? डोकं धरून टाकीकडे बघत होते, तर झाकणाच्या कडेला पांढरी पापडी धरलेली दिसली. नखानं खरवडली आणि जिभेला लावली. खारट ढोण!

आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई, वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी! मीठ कुठे जातंय? आमटी आटली तर आपण वरून मिठाचं पाणी ओततो का? मी पंधरा दिवस त्या मुक्या जिवाला रोज मूठभर मीठ जास्त चारत होते.

"अहो!" मी हाक मारली. "ते लाइटचं बिल कुठाय? ज्याच्या मागं मी लिहिलं होतं?"

आमचे हे टपालातले. कागद टाकणं त्यांच्या रक्तात नाही. दोन मिनिटांत बिल हजर. मागच्या बाजूला माझंच गिचमिड अक्षर: "पानी कम हुआ तो मीठा पानी."

मीठा पानी. म्हणजे गोडं पाणी, प्यायचं पाणी. हैदराबादेत शेंबड्या पोरालाही कळतं. मी ऐकलं बरोबर, लिहिलंही बरोबर. आणि दुपारी चांगली प्रत काढताना, मराठीत 'मीठा' कुठला आला म्हणून शुद्धलेखन सुधारलं, काना पुसला आणि 'मीठ' केलं. समुद्राचं जनावर, त्याला मीठच लागणार, अशी वर खात्रीही करून घेतली.

हे बिलाकडे बघत होते, मग चिकटवलेल्या कागदाकडे, मग माझ्याकडे. खांदे हलत होते त्यांचे.

"हसा," मी म्हटलं. "हसा मोकळेपणी. आणि उदबत्ती लावा आधी. चुकलं माझं." हे शब्द माझ्या तोंडून लग्नानंतर दुसऱ्यांदा निघाले असतील.

पण खरं अवघड पुढेच होतं. चूक झाली तर लपवायची नाही, आधी सांगायचं, मग सावरायचं, हे मीच शिकाऊ पोरींच्या कानीकपाळी ओरडत आले होते. मी संध्याकाळची वाट पाहिली नाही. तिच्या ऑफिसात फोन लावला.

"वरलक्ष्मी, मी खोटं बोलले तुझ्याशी. फूल फार आजारी आहे, आणि माझ्यामुळेच आहे." सगळं सांगितलं, कान्यासकट.

मग ती हळूच म्हणाली, "मैं बोली मीठा, आप लिखे मीठ?"

"हौ."

"अय्यो, सिस्टर!" आणि तिला हसू फुटलं. हसता हसता रडायला लागली, मग परत हसली. "जिंदा है ना अभी?"

"आहे. तग धरून आहे."

"तो बचाओ. आपके हाथ में दी मैं. किसी और के हाथ में नै दी."

त्या एका वाक्यानं माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. तशीच पायात चपला सरकवल्या आणि बाटलीत टाकीचं पाणी घेऊन इब्राहिमभाईंकडे गेले. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी त्यांचं माशांचं दुकान. त्यांनी खारटपणा मोजायच्या डबीत पाणी ओतलं, तर काटा पार वर जाऊन टेकला. "आपा, ये समुंदर है कि अचार की बरनी?" ते म्हणाले. पण उपाय नीट सांगितला. घाई नको. एकदम गोडं पाणी ओतलं तर धक्क्यानंच मरेल. रोज थोडं खारट पाणी काढायचं, तेवढंच गोडं हळूहळू घालायचं. आठवडाभर.

अहो, हे तर मला कुणी शिकवायलाच नको! थेंब थेंब सोडणं हा तर माझा धंदा. जुनी सलाईनची नळी काढली, धुतली, उकळली. टाकीवर तांब्या टांगला, त्यात प्यायचं पाणी, आणि खाली थेंब मोजत बसले. हे बाजूला घड्याळ घेऊन. मासे खाली माना वर करून बघत होते.

तिसऱ्या दिवशी तोंड मिटलं. पाचव्या दिवशी फुलानं पाय टेकला, दगडाला नव्हे, काचेला, पण टेकला. मी काचेवर गाल लावून "शाब्बास रे माझ्या राजा" म्हटलं आणि ह्यांनी ते ऐकलं. सात दिवसांनी काटा जागेवर आला. मग इब्राहिमभाई म्हणाले, आता खायला घाला, नखाएवढा झिंगा, चार दिवसांनी एकदा. नखाएवढा झिंगा कुणी देत नाही. पावशेर आणावा लागतो. पेशंटला एक तुकडा आणि उरलेल्यांचं आमच्या घरी कालवण. पेशंट लवकर बरा होऊ नये असं ह्यांना वाटायला लागलं असावं.

चिमट्यात धरून मी तुकडा त्या बोटांपाशी नेला. आधी नुसतं थरथरलं. मग एका बोटानं हळूच धरला, शेजारच्यानं धरला, आणि सगळ्यांनी मिळून तो तोंडाकडे नेला. ओठ भिजवायलाही तयार नसलेला पेशंट पहिला घास मागून खातो, तेव्हा नर्सला काय होतं हे नर्सलाच ठाऊक. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसून आले. त्याच आठवड्यात मोठ्या माशीणबाईनं नवऱ्याला ढोसत आत नेलं आणि दोघं बोटांत लोळायला लागले.

श्रावण गेला, गणपती गेले. फूल परत गुलाबी झालं, आधीपेक्षा रुंद झालं. वरलक्ष्मीला मी रोज फोटो पाठवायचे. तिला घर मिळालं. दसऱ्याच्या दोन दिवस आधी येते म्हणाली.

आणि ती यायच्या आदल्या सकाळी मी टाकीपुढे बसले, तर फूल ताणलेलं. अर्धं इकडे ओढतंय, अर्धं तिकडे. मधे नुसती एक पट्टी. फाटत होतं माझ्या डोळ्यांदेखत! मी किंचाळले. हे धावत आले. पाणी मोजलं, बरोबर. दिवा बरोबर. इब्राहिमभाईंना हाताला धरून वर आणलं. त्यांनी वाकून बघितलं आणि टाळी वाजवली. "मुबारक हो, आपा! ये मर नै रा. खा-पी के ताकद आ गई, तो एक के दो हो रे. ऐसेच होते ये."

दुपारपर्यंत पट्टी तुटली. दोन फुलं. एक थोडं मोठं, एक लहान, दोघांनाही आपापलं तोंड.

दुसऱ्या दिवशी वरलक्ष्मी आली. चपला न काढता टाकीपाशी गेली. तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "इसमें उनका कौनसा, सिस्टर?"

मी काय सांगणार? "आई नाही, लेकरू नाही," मी म्हटलं. "इब्राहिमभाई म्हणतात, दोन्ही तेच. अकरा वर्षांचं तेच."

मग आमचं भांडण जुंपलं. मी म्हणे मोठं तू ने, ती म्हणे मोठं तुम्ही ठेवा. वर्षानुवर्षं या शहरात लोक, हे आमचं, ते आमचं म्हणून भांडताना ऐकले होते. आमचं उलटंच चाललं होतं, आणि हे दोघींना चहा देत मजा बघत होते. शेवटी मासे लहानात जाऊन बसले. वरलक्ष्मीनं लहान फूल, मासे आणि टाकी न्यायची, आणि मोठं माझ्याकडे ठेवायचं असं ठरलं. इब्राहिमभाईंकडून मी दुसरी टाकी आणली.

गाडीत टाकी चढली. वरलक्ष्मी निघता निघता परत जिना चढून वर आली. माझ्या टाकीतल्या फुलाकडे बघून तिनं काचेवर हात ठेवला.

"सिस्टर, आपको मालूम? बीमार थे तब भी बोलते थे, मैं हैदराबाद छोड के कहीं नै जाता." डोळे भरले होते तिचे, पण चेहऱ्यावर हसू होतं. "अच्छा हुआ. आधे मेरे साथ आ रे, आधे यहींच रह गए."

चौतीस वर्षांत मी पेशंटच्या नातेवाइकांपुढे कधी रडले नव्हते. त्या दिवशी तिच्या गळ्यात पडून रडले, आणि ती माझी पाठ थोपटत हसत होती.