कातर

धाकट्या सुनेच्या बोटाला प्रयोगशाळेत सुई टोचली, तीही विषाणूच्या नळीत बुडवलेली. हे कळल्यापासून म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण ते दिसू देईल तर ती म्हातारी कसली! काचेपलीकडच्या बंद खोलीत सून, अलीकडे खुर्चीत ही, ताठ.

"घरी जा ना, आई," भिंतीतल्या भोंग्यातून सून म्हणाली.

"घरी तुझा नवरा रडतोय. इथे निदान शांतता आहे."

सून हसली.

नळ्यांच्या झाकणांची अदलाबदल झाली होती, त्यामुळे सुई कुठल्या नळीतली ते कळेना. एकीत लशीसाठी दुबळा केलेला विषाणू. त्यातून निभावलं असतं. दुसरीत जहरी; त्याने माणूस हातचं जातं. औषध होतं, पण ते मूत्रपिंडं खाई, म्हणून खात्रीशिवाय देत नसत. आणि दोघांत फरक तो एवढासा. विषाणूचा डीएनए म्हणजे चार अक्षरांची दुपदरी माळ, असं सुनेने समजावलं होतं. जहरी विषाणूच्या माळेत एके जागी सहा अक्षरं अशी बसलेली, की एक पदर इकडून वाचा, दुसरा तिकडून, तेच निघतं. नेमकी तीच जागा हुडकून माळ तोडणारं एक रसायन असतं. इथे सगळे त्याला कातर म्हणत. दुबळ्याच्या माळेतून तो तुकडाच काढून टाकलेला. सुनेला टोचलेल्या नळीतल्या माळेवर कातर सोडून तुकड्यांचा फोटो काढायचा: कातर चालली तर फोटोतल्या तिच्या रांगेत दोन पट्टे, नाही चालली तर एक.

"म्हणजे एक बरा," म्हातारीने पुन्हा विचारून घेतलं.

"एक बरा, आई."

सुनेचे साहेब फोटो घेऊन जवळजवळ धावतच आले. "एकच पट्टा. दुबळाच आहे."

म्हातारी खुर्चीत मागे टेकली. "बघितलंस? उगीच जिवाला घोर."

सून मात्र हलली नाही. "सर, शेजारची रांग दाखवा. पडताळ्यासाठी मुद्दाम जहरी घातलेली."

साहेबांनी फोटो काचेला लावला. तिथेही एकच.

"कातर मेलेली आहे, सर. बर्फाबाहेर राहिली असणार."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. नवी कातर काढायला ते गेले आणि म्हातारी खुर्चीत पुन्हा ताठ झाली.

दुसरा फोटो आला तेव्हा बाहेर दिवे लागत होते. सून पाठ फिरवून बसली. "तुम्ही सांगा, आई. साहेब गोड करून सांगतील. तुम्हाला गोड बोलता येत नाही."

म्हातारीने फोटो हातात घेतला. शेजारच्या रांगेत दोन पट्टे. म्हणजे कातर चालली होती. मग तिने सुनेची रांग पाहिली. डोळे पुसून परत पाहिली.

"दोन," ती म्हणाली. आवाज इतका कातर निघाला की तिचा तिलाच ओळखू येईना. तिने घसा खाकरला. "साहेब, खांबासारखे उभे काय राहिलात? औषध सुरू करा."

"आई, आता तरी घरी जा."

"गप्प बस," म्हातारी म्हणाली, आणि तिने खुर्ची ओढून काचेला टेकवली.