बेंगळुरू ते पुणे, दीड तास

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता पुण्याच्या विमानतळाबाहेर महारुद्रआप्पांनी छातीला हात लावला. गळ्यात इष्टलिंग नव्हतं.

बायको महानंदाबाईंसोबत बेंगळुरूला पोराकडं जाऊन परतताना, तपासणीच्या यंत्रापुढं त्यांना लिंगाची चांदीची डबी ट्रेमध्ये ठेवायला सांगितली होती. पलीकडं जाऊन आप्पांनी घड्याळ उचललं, पट्टा उचलला. लिंग कधी अंगावेगळं झालंच नव्हतं, त्यामुळं ते उचलायची हाताला सवय नव्हती.

त्या लिंगाची पूजा केल्याशिवाय आप्पा पाणीसुद्धा पीत नसत. जीपनं गावी, तेलगावला आले आणि भिंतीला टेकून बसले. महानंदाबाईंनी भाकऱ्या टाकल्या, झाकून ठेवल्या. सकाळी त्या गाईपुढं घातल्या आणि नव्या टाकल्या.

बुधवारी दीर बद्रीनाथ आला. "वैनी, स्वामींकडून दुसरं लिंग बांधून घेऊ. लई अवघड न्हाई."

"मला काहून सांगता? त्यांना सांगा."

आप्पांनी डोळे उघडले. "बद्री, बायको हरवली तर दुसरी करशील का बे?"

"वैनीसमोर कसं सांगू, दादा?"

कुणी हसलं नाही.

दहाच्या सुमारास वीरेशचा फोन आला. डबी बेंगळुरूच्या विमानतळावर हरवलेल्या सामानात सापडली होती. "आई, दुपारच्या विमानानं मीच घेऊन येतो."

बद्रीनाथनं मोबाईलवर बघितलं. सव्वासातशे किलोमीटर, दीड तास. "अडीचला निघालं तर चारला आलाच की!"

"विमान तेलगावात उतरतंय का, भावजी?" महानंदाबाई म्हणाल्या. पुण्याहून पुढं जीपमध्ये सहा तास त्यांनी कालच काढले होते. बद्रीनाथनं मोबाईल खिशात ठेवला.

दुपारी डॉक्टर येऊन गेले. आप्पांना साखरेचा आजार. संध्याकाळपर्यंत सलाईन लावलं नाही तर पुढचं आपल्या हातात नाही, असं ते दारातच म्हणाले. आप्पांनी सुईसाठी हात दिला नाही. "पोरगं येऊ द्या."

दीड वाजता वीरेशचा पुन्हा फोन आला. मागं गर्दीचा आवाज होता. "आई, तपासणीला उभा हाय. डबी ट्रेमध्ये ठेवा म्हणतायत."

"उचल बरं आठवणीनं," महानंदाबाई म्हणाल्या. तोवर फोन कटला होता.

त्या चुलीपाशी गेल्या. पीठ मळलं. कशासाठी मळतेय हे त्यांना सांगता आलं नसतं.

चार वाजून दहा मिनिटांनी बद्रीनाथच्या मोबाईलवर विमान पुण्यात उतरल्याचं दिसलं. त्यानं वीरेशला फोन लावला, लागला नाही. पाचला लावला, लागला नाही. आप्पांचा हात छातीवरून घसरून मांडीवर पडला होता. महानंदाबाईंनी तो उचलून परत छातीवर ठेवला. हात गार होता. श्वास चालू होता.

सहा वाजता वीरेशचा फोन बंद होता. तो जीपमध्ये बसला की नाही, डबी ट्रेमधून उचलली की नाही, कळायला मार्ग नव्हता.