मिस्त्रीचं गाऱ्हाणं

घोडपदेवच्या चाळीत मी, कांता, पस्तीस वर्षं काढली, पण छिन्नी-हातोडा घेऊन माझ्या दारात बसलेला माणूस पहिल्यांदाच बघितला. तोही चतुर्थीच्या आदल्या दिवशी!

"वैनी, लाद्या उचलनार," कुशाबा मिस्त्री म्हणाला. "बेचाळीस हजार झाले माझे. हितेंद्र फोन उचलत न्हाय."

हितेंद्र आमच्याच मजल्यावरचा. दोन वर्षांपासून कॉन्ट्रॅक्टर झालाय मेला! आमच्या खोलीचं काम त्याने घेतलं, लाद्या बसवायला कुशाबाला त्यानेच आणलं. मी नवऱ्याच्या फंडातले पैसे त्याला एकरकमी मोजून दिले, आणि ह्याने ते परळच्या दुसऱ्या कामात घातले.

"आम्ही सगळे पैसे दिलेत," मी ठणकावलं. "पावती दाखवू?"

"दाखवा की. पर पोरं गावाला वाट बघत्यात. पावती दिऊ का त्यास्नी?"

दुसऱ्यांदा द्यायला माझ्याकडे दमडी नव्हती, आणि उखडलेल्या जमिनीवर गणपती बसवायचा कसा?

"उद्या आरतीपर्यंत थांबा," मी म्हटलं. "हितेंद्र येणारच. चाळीत पखवाज त्याच्याशिवाय कुणाला येत नाही."

"आन् न्हाई दिले तर?"

"तर दीड दिवसांनी विसर्जन झालं की उचला लाद्या. मी आडवी येणार नाही."

बोलून तर बसले. पण आरतीत भांडायचं नाही, असं रात्री नानांनीच मला बजावलं. नाना म्हणजे आमचे हे. टॅक्सीवाल्याने सुटे दिले नाहीत तरी "असू दे" म्हणणारा माणूस!

"मग तुम्ही बोला," मी म्हटलं. "गाऱ्हाणं तुम्हीच घालता ना?"

आरती झाली की घरातल्या मोठ्या पुरुषाने देवाला साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमची मालवणची रीत. नाना कूस बदलून घोरायला लागले. माझा असा संताप झाला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोली खचाखच भरली. हितेंद्र पखवाज मांडीवर घेऊन बसला, शेजारी त्याची आई रमाबाई. कुशाबा दाराशी उभा, पिशवीत छिन्नी. त्याला बघून हितेंद्रने मान खाली घातली ती वर काढलीच नाही. देवासमोर कोण काय बोलणार, असं त्याला वाटलं असणार.

आरती झाली. नानांनी हात जोडले.

"बा देवा गणपती म्हाराजा! तुझी लेकरां तुझ्या पायाशी इली हत, त्यांची सेवा मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"सगळ्यांका निरोगी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नाना थांबले. मी पाठून कोपर मारलं.

"आणि म्हाराजा," नानांचा आवाज कापला, मग एकदम चढला, "कुशाबान घाम गाळून ही जमीन घातल्यान. तेचे बेचाळीस हजार हितेंद्राकडे अडाकले हत. ते आजच्या आज देऊची बुद्धी तेका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज हितेंद्रचा. लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं! निघाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. खोली हसून लोटपोट. रमाबाई मात्र हसली नाही.

"देवासमोर व्हय म्हटलंस," ती म्हणाली. "काढ फोन."

"आई, सध्या पंचवीसच आहेत."

"ते दी. बाकीचे मी देतंय. माझे साठवलेले."

"नको गं..."

"मग तुझी बाईक इकून परत कर माका!"

त्याने पैसे पाठवले. रमाबाई आपल्या खोलीत गेली आणि नोटा घेऊन आली. कुशाबाने त्या मोजल्या नाहीत, तशाच कपाळाला लावल्या. नाना घामाने भिजले होते. इतक्या वर्षांत मला हा माणूस एवढा कधी आवडला नव्हता, खरं सांगते.

मी प्रसाद वाटायला घेतला, तेवढ्यात दाराशी कुशाबाने डोळे मिटून हात जोडले. तो पाटणकडचा, आमची रीत त्याला नवी. मागणं मागून झालं की काय म्हणायचं हे त्याला आत्ता कुठे कळलं होतं.

"व्हय म्हाराजा," तो एकटाच मोठ्याने म्हणाला.

आणि सगळ्या चाळीने त्याच्यापाठोपाठ पुन्हा म्हटलं.