रजिस्टरशी जुळलेला आकडा

सालवडला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या भाग्यश्रीला बोईसरच्या त्या केमिकल कारखान्यात सहा महिने होत आले होते. शनिवारी प्रोग्राम चालवून दाखवला तर कायम, नाहीतर नारळ. काम ऐकायला सोपं होतं. रिॲक्टरची, म्हणजे रसायन तापवायच्या बंद भांड्याची, माहिती वाचणारा जुना प्रोग्राम नागोरावांनी सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेला, आणि ते निवृत्त होऊन गावी गेलेले. त्यांचे टाइप, म्हणजे माहितीचे साचे, सी-शार्प या दुसऱ्या भाषेतून वापरायचे आणि आकडे नव्या स्क्रीनवर आणायचे, बस्स.

पण आकडे कसले, नुसता धुमाकूळ. तापमान कधी शून्य, कधी अब्जावर. चार दिवस डोकं पिकवल्यावर मेख सापडली. व्हॉल्व्ह उघडा की बंद, एवढ्याशा हो-नाहीला नागोरावांनी एक बाइट दिला होता, आणि सी-शार्प चार धरून बसलं होतं. म्हणून पुढचं सगळं तीन घरं सरकलेलं. तिने एक ओळ बदलली आणि तापमान माणसात आलं: एकशे बारा.

ऑपरेटर दर शिफ्टला हाताने भरत त्या रजिस्टरात मात्र पंच्याऐंशी. शंभरच्या वर गेलं तर भांडं फुटायची भीती, तेव्हा चूक आपलीच, असं धरून बिचारीने आणखी दोन दिवस एकेक टाइप उसवला. शुक्रवारी दुपारी, दुसरी शिफ्ट नुकतीच लागली असताना, ती ऑपरेटर कमलेशकडे गेली. रजिस्टर रात्रीपर्यंत भरलेलं होतं.

"कमलेशभाऊ, रात्री अकराचं रीडिंग आत्ताच?"

"शिफ्टची बस थांबत नाय मॅडम. आमी आल्या आल्या भरून टाकतो. पंच्याऐंशी लिवलं का कोन विचारीत नाय."

"आणि खरं किती असतं?"

"जुना स्क्रीन बंद पडला तवापासून कोनाला ठाव?"

ती तशीच मॅनेजर दिग्विजय सरांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रजिस्टरवर माझी सही असते, भाग्यश्री. चूक तुझ्या प्रोग्रामातच आहे. उद्यापर्यंत जुळव."

तिला संताप आला, रडूही आलं. मग घरभाडं आठवलं आणि दोन्ही जिरलं. बरोबर आलेल्या ओळीखाली तिने आणखी एक ओळ लिहिली: वजा सत्तावीस. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

शनिवारी स्क्रीनवर पंच्याऐंशी आलं. सरांनी सगळ्यांसमोर तिला कायम केल्याचं सांगितलं.

कमलेश स्क्रीनपाशी येऊन बराच वेळ बघत राहिला. "बरं झालं मॅडम," तो म्हणाला. "इतके दिस भांड्याजवल जायाची भीती वाटत होती." आणि जाऊन भांड्याच्या जाड आवरणाला पाठ टेकून उभा राहिला.