सिनेमात नसलेला नावाडी

तुम्ही कधी आपलीच गोष्ट भिंतीवर चालता-बोलताना पाहिली आहे का? मी पाहिली. मी सहाशे बारा पानांची एक जाडजूड कादंबरी. सोनाळ्याच्या विहाराला लागून एक छोटं वाचनालय आहे, तिथल्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो.

माझी गोष्ट जन्मली दूरच्या एका थंड देशात, फार वर्षांपूर्वी. तिचं मराठी झालं आणि मी पुण्याच्या एका छापखान्यातून बाहेर पडले. एका मेंढपाळाची पोर, झोपलेल्या राक्षसांना जागं करणारं तिचं शिंग, आणि डोंगरावर वेटोळं घालून बसलेला पंखांचा नाग, असं सगळं माझ्या पोटात आहे. संघपाल गुरुजींनी बदली होऊन जाताना मला वाचनालयाला दिलं. त्यानंतर पाच वर्षं माझी जाडी बघूनच लोक मागे सरत. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून मला तिला टेकवून ठेवत, तेवढाच माझा उपयोग.

माझं नशीब उघडलं ते इथल्या एका रीतीमुळे. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालतं. एकाने थोडं वाचायचं, थांबायचं, आणि दुसऱ्याने त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा. एका वर्षी आश्विन पौर्णिमेला वाचन संपलं आणि बायकांना चुकल्यासारखं व्हायला लागलं. मग अंगणवाडीतल्या धम्मशीलाने मला कपाटातून काढलं. दर रविवारी दुपारी विहारात ती वाचायची आणि जनकाबाई अर्थ सांगायच्या.

जनकाबाईंना अक्षरओळख नाही. पण एकदा ऐकलेलं त्या विसरत नाहीत. माझ्यातला बर्फाचा डोंगर त्यांनी सरळ सातपुड्यात आणून ठेवला. नागाचे पंख केवढे, तर ज्वारी उफणायच्या सुपासारखे, पण एकेक सूप अर्ध्या वावराएवढं. मलाच माझी गोष्ट नव्याने कळायची.

त्यांचे यजमान गुलाबराव बाहेर पायरीवर बसत. बायकांत कसं बसायचं, म्हणून आपण चपला सांभाळायला आलो असं सांगत. पण कान सगळे आत. माझ्यात एक तोंडाळ नावाडी आहे. धुक्याच्या नदीत अर्ध्यावर तो त्या पोरीचं शिंग काढून घेतो, तिला काठावर सोडतो आणि धुक्यात दिसेनासा होतो. जनकाबाई म्हणाल्या, चोर आहे मेला. पायरीवरून आवाज आला, "चोर नाही तो. तोंडानं कडू हाय, पन इमानदार हाय." त्यावरून नवराबायकोचं जे जुंपलं, ते घरी भाकरी थापतानाही चालू राहिलं म्हणे. पाचशे एक्याऐंशीव्या पानावर त्या रविवारचं वाचन थांबलं. गुरुवारी गुलाबराव झोपेतच गेले.

महिन्याने धम्मशीला मला घेऊन जनकाबाईंच्या घरी गेली. उरलेली एकतीस पानं वाचू या म्हणाली. जनकाबाईंनी माझ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"नको वो शीला. तो नावाडी इमानदार निघाला, त मी कोनाले सांगू?"

पुढची दोन वर्षं मी पुन्हा कपाटात काढली. बाकीच्या बायकांनीही पुढचं ऐकलं नाही. जनकामाय नाही तर अर्थ कोण सांगणार, असं त्यांचं म्हणणं.

मग या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा प्रसेनजित पुण्याहून आला. माझ्यावर मोठा सिनेमा निघाल्याचं त्याला कळलं होतं. पुस्तक ऐकत नाही, पण माय सिनेमा तरी बघेल, निदान शेवट तरी कळेल, असा त्याचा हिशेब. त्याने मित्राकडून प्रोजेक्टर आणला. रविवारी दुपारी विहाराच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, भिंतीवर पांढरी चादर ताणली. धम्मशीलाने मला ग्रंथाच्या चौरंगावर ठेवलं, अगदी पुढे. खरं सांगते, मला धडकी भरली होती. हे सगळं चादरीवर दिसलं, तर मला परत कोण उघडणार?

पण सिनेमा सुरू झाला आणि मी सगळं विसरले. जो डोंगर मी चार ओळींत सांगितला, तो भिंतभर उभा राहिला. नागाने पंख उघडले तेव्हा वाचनाला नेहमी येणाऱ्या सोजराबाईंनी डोक्यावरचा पदर घट्ट धरला. माझी पानं पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होती असं लोकांना वाटलं असेल. मी आनंदाने फडफडत होते.

दहा मिनिटं झाली आणि सगळ्या बायका जनकाबाईंकडे वळून बसल्या. प्रसेनजितला कळेना. सोजराबाईंनी त्याला सांगितलं, थांबव आता, तुझी माय अर्थ सांगेल. सिनेमा हिंदीत आहे, सगळ्यांना कळतो, असं तो परोपरीने सांगत होता. कोणी ऐकलं नाही. दर प्रसंगाला सिनेमा थांबायचा, जनकाबाई सांगायच्या, मग पुढे चालू. मधे चहा झाला. दोन वर्षांनी त्या अशा बोलत होत्या. प्रसेनजित बटण दाबून थकला, पण आईच्या तोंडाकडे बघत राहिला.

मग नदी आली. पोरगी दगडी पुलावरून पलीकडे गेली. शिंग तिच्याच गळ्यात.

"थांबव," जनकाबाई म्हणाल्या. "नावाडी कुठी हाय?"

"नाही घेतला वो माय त्याले. तीन घंट्यात सारं पुस्तक कसं बसन?"

"पुस्तकात पूल नाही."

त्या हिरमुसल्या. पण खोलीत नुसता सिनेमा बघायला आलेलेही बरेच होते. ते विचारू लागले, कोण नावाडी? मग जनकाबाई चादरीपाशी उभ्या राहिल्या आणि धुकं, होडी, वल्हं सगळं सांगितलं. मग शिंगापाशी आल्या.

"पल्याडच्या काठावर दुश्मन होते. पोरीजवळ शिंग सापडलं असतं त तिले मारलं असतं. म्हून त्यानं ते काढून घेतलं. मानूस तोंडानं कडू होता, पन इमानदार होता."

असं त्यांनी याआधी कधीच सांगितलं नव्हतं. पायरीकडे कोणी बघितलं नाही.

पुढचा सिनेमा फारच छान झाला. राक्षस जागे झाले तेव्हा टाळ्या पडल्या. गोधड्या उतरवताना जनकाबाई धम्मशीलाला हळूच म्हणाल्या, "पुस्तकात त असन ना तो, शेवटी?"

धम्मशीलाने शेवट केव्हाच वाचलेला. ती "हाव, हाय" एवढंच म्हणाली.

मला तर पहिल्यापासून माहीत होतं. पण पुस्तकाला आपण होऊन बोलता येत नाही, कोणीतरी उघडावं लागतं. सिनेमा जरूर बघा, मीही पुन्हा बघेन. फक्त चादरीवर जो दिसला नाही, त्याला भेटायला एकदा माझ्याकडे या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मशीलाने जनकाबाईंच्या ओट्यावर माझी उरलेली एकतीस पानं वाचली. नावाडी इमानदार निघाला, आणि जनकाबाईंनी आत जाऊन गुलाबरावांच्या फोटोला ते सांगितलं.